खणातली नोटीस

ती नोटीस मीच टाइप केली होती. एक पान, खाली माझी सही नि आमच्या ऑफिसचा शिक्का. सात महिने ती माझ्या खणात पडून होती.

सौदीत, अल मलाझमधल्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. मालक रत्नागिरीकडचे, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. थुवालच्या एका इमारतीत एसीचे डक्ट बसवायचं काम त्यांना ती इमारत बांधणाऱ्या मुख्य कंपनीकडून मिळालं होतं. करारात अट होती, की काम सुरू झाल्यापासून तीस दिवसांत इमारतीच्या मालकाला लेखी कळवा, आम्हीही इथे राबतोय. कळवलं, तर कंपनीने पैसे बुडवल्यास थेट इमारतीच्या मालकाकडे मागता येतील. नाही कळवलं, तर खलास.

पाठवण्याआधी कागद दाखवला, तर चाचा भडकले. कंपनीचा मॅनेजर त्यांच्याच गावचा, काम त्यानेच दिलेलं.

"निकाहाच्या मांडवात तलाकनामा लिहितोस काय रे? गावात काय तोंड दाखवू मी?"

करार सांभाळायचाच पगार मी घेत होतो. पण चाचांची मर्जी राखण्यात मी पटाईत. "बरोबर आहे, चाचा," म्हणालो नि खण लावला.

पुढे सौदीकरणात, म्हणजे परदेशी माणसाच्या जागी सौदी माणूस नेमण्यात, मॅनेजरची नोकरी गेली, तो गावी परतला. मग कंपनीने पैसे थांबवले आणि शेवटी गाशाच गुंडाळला. मी इमारतीच्या मालकाकडे धावलो. तिथल्या तरुण सौदी इंजिनिअरने कहवा दिला, आलेल्या नोटिसांचं रजिस्टर चाळलं. मी पिशवीतून नोटीस काढली. तारीख पाहून तो हळू आवाजात म्हणाला, "ही तेव्हा आली असती, तर आज चेक दिला असता." त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं. राग माझाच येत होता.

बाहेर त्याच इमारतीत काम केलेला केरळचा वायरिंगवाला भेटला, हातात चेक. त्याने पहिल्याच आठवड्यात नोटीस पाठवली होती. मी विचारलं, मॅनेजर चिडला नाही? तो हसला. "चिडेल कशाला? त्याच दुपारी मासे खायला आला होता माझ्याकडे."

हे मी चाचांना सांगायला नको होतं. पण सांगितलं.

बावीस कामगारांचे पगार आणि परतीची तिकिटं भागवायला त्यांनी दोन्ही गाड्या विकल्या, गावची आंब्याची बागही. त्यांना विमानतळावर सोडायला मीच गेलो. बॅग उचलताना ते थांबले.

"मी नको म्हटलं होतं, कबूल," ते म्हणाले. "पण सही तुझी होती रे. पाठवायची होतीस."