शोकठरावातली दुरुस्ती

लाडक्याकाका स्वतःच्याच श्रद्धांजलीला दोन मिनिटं शांत उभे राहिले होते. शोकठरावात त्यांचं नाव घातलं होतं मी, तेही सुवाच्य अक्षरात.

तलासरीला पक्षाचं वार्षिक अधिवेशन होतं. पहिल्या दिवशी आधी झेंडा, मग शोकठराव. वर्षभरात गेलेल्या कार्यकर्त्यांची नावं लिहायची नि वाचायची. मी मास्तर, म्हणून ते काम माझ्याकडे. काका आशागडच्या पुढे टेकडीवरच्या पाड्यात राहायचे. कुठलीही सभा असो, सतरंजी अंथरायला सगळ्यांच्या आधी हजर. असा माणूस लागोपाठ तीन सभांना आला नाही, तेव्हा मी तल्लख बुद्धीने काय तो निष्कर्ष काढला आणि यादीत सातवं नाव लिहून टाकलं. काका मोतीबिंदू काढून उंबरगावला लेकीकडे होते. पहिल्या रांगेतला काळ्या चष्म्याचा म्हातारा मला ओळखूच आला नाही.

लोक खाली बसल्यावर त्यांनी हात वर केला. "अध्यक्ष, दुरुस्ती हाय. सातवं नाव काढा."

"का?"

"तो मीच हाय."

मंडप हसून लोटपोट. अध्यक्ष म्हणाले, "मग वाचतानाच का नाही बोललात?"

"ठराव चालू असताना मधे बोलायचं नाय. शिस्त हाय ना पक्षाची?"

जेवणाच्या रांगेत मी तोंड लपवत होतो. काकांनी गाठलंच. "मास्तर, तू डोळे मिटून उभा होतास. मी बघून घेतलं, माझ्यासाठी कोण सरळ उभा हाय ते. मागं दोघं तंबाखू मळत होते!" मग आवाज उतरला. "तीन सभा आलो नाय, तर घरी यायचं रे. यायला चढण हाय. ‘मेला’ लिवायला चढण नाय."

त्यानंतर मी महिन्यातून एकदा जाऊ लागलो. धापा टाकत वर पोचलो की दारातून हाक यायची, "जोहार मास्तर! खात्री करायला आलास?" मग नाचणीची भाकर, सुकी मासळी, आणि तासभर माझी टिंगल. तेवढ्यासाठी तर मी जायचो.

गेल्या पावसाळ्यात शाळेची कामं निघाली, दोन महिने गेलो नाही. तेवढ्यात काका गेले. मला लेकीने फोनवर कळवलं.

यंदाच्या अधिवेशनात पहिल्या दिवशी त्यांचं नाव वाचलं आणि थांबलो. समोर म्हातारे पुष्कळ होते. एकेकाचं तोंड नीट बघत राहिलो.

अध्यक्ष हळूच म्हणाले, "मास्तर, पुढचं नाव."