आप्पांच्या टेबलावरचे लाल-हिरवे दिवे

केजच्या बाजारात आप्पांचं अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं मी बारा वर्षं काढली. एवढा काळ एकाच टेबलावर बसलं की किस्से धुळीसारखे आपोआप साचतात. मशीनच्या तोंडावरचे बारीक दिवे काय सांगतात, हे लोकांना कुणी समजावलेलंच नसतं. आमचे निम्मे किस्से तिथंच सुरू होतात.

*

मेंढरं राखणारे बिरूभाऊ एकदा घोंगडीत गुंडाळून मशीन घेऊन आले. "लाल दिवा लागतो, आवाज न्हाई. जळलं का?"

तो प्रोटेक्टचा दिवा. तारा एकमेकींना चिकटल्या की मशीन जळू नये म्हणून स्वतःच आवाज तोडतं. आमच्या स्पीकरवर ते ठणठणीत वाजलं. म्हटलं, "घरची वायर बघा." दुसऱ्या दिवशी ते वायरच घेऊन आले. करडानं चावून तांबं उघडं पाडलं होतं.

बिरूभाऊ वायरीकडं बघत म्हणाले, "मशीनला बी कळतं कवा गप बसायचं. आमा दोघा भावांला कळलं असतं, तर कळप वाटावा लागला नसता."

*

क्लिपचा दिवा लागला की समजायचं, आवाज मशीनच्या ताकदीबाहेर चाललाय. एकानं बहिणीच्या हळदीत त्या दिव्याचा व्हिडिओ काढला. दहा मिनिटांत स्पीकर जळले. हळद मुक्यानंच लागली.

दुकानात मान खाली घालून म्हणाला, "मला वाटलं, दिवा गाण्यावर नाचायलाय."

*

एक किस्सा माझा. एका मशीनचा प्रोटेक्ट काही केल्या जाईना, अन् गिऱ्हाईक दारात घाई करत उभं. आप्पा जेवायला गेलेले. आवाज तोडणारी रिले मी सरळ तार जोडून निकामी केली. गाणं सुरू झालं, गिऱ्हाईक खूश.

आठ दिवसांनी तोच माणूस आपले स्पीकर घेऊन आला. आतून काळे पडलेले. पेट्या त्याच्या सुतार वडिलांनी स्वतः बनवलेल्या. वडील आता नव्हते.

आप्पा मला म्हणाले, "दिवा सांगत होता. तू ऐकलं कावून न्हाई?"



*

तलवाड्याचे एक गुरुजी एसटीनं मांडीवर मशीन घेऊन आले. "वर्ष झालं, बंद हाय. हिरवा दिवाच लागत न्हाई."

आप्पांनी प्लग लावला, स्पीकर जोडला, फोनवरचं एक भजन लावलं. आवाज एकदम स्वच्छ आला.

"गुरुजी, मशीन चांगलंय. फक्त दिवा गेलाय."

"म्हंजी वर्षभर हे वाजलं असतं?"

"हो."

गुरुजी बाकावर बसले. त्यांच्या मंडळी कित्येक महिने अंथरुणाला खिळून होत्या, दोन महिन्यांपूर्वी वारल्या. "रोज म्हणायची, भजन लावा. मी म्हणायचो, मशीन मेलंय."

आप्पांनी नवा दिवा बसवला. गुरुजींनी मशीन नेलं नाही.

*

शिरूर कासारहून एक म्हातारबा सुनेबरोबर आले. नाव किसनबा. त्यांच्या जुन्या मशीनला आवाजाबरोबर चढणाऱ्या पाच दिव्यांची रांग होती. त्यातले वरचे दोन लागत नव्हते.

आप्पा म्हणाले, "आवाज ठीक हाय की. दिव्यांसाठी कावून खर्च करता?"

किसनबा नुसते हसले. सून म्हणाली, "त्यांना बिलकूल ऐकू येत न्हाई."

तिचा नवरा, म्हणजे किसनबांचा पोरगा, ऊसतोडीला गेलता. तिथं ट्रॉली पलटी झाली अन् तो गेला. जिवंत असताना तो घरी फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. सून फोन मशीनला जोडायची अन् तो काय बोलतोय ते खुणांनी सांगायची, म्हातारबा दिवे बघत बसायचे. शेवटचा निरोप तिनं जपून ठेवलाय.

आम्ही दोन्ही दिवे बदलले. तिनं फोन जोडला. दुकानात एका माणसाचा मोकळा आवाज घुमला, "आबा, जेवलात का? इकडं थंडी लई हाय..." किसनबा डोळे दिव्यांना लावून बसले. दोन लागले, तीन लागले, परत दोन.

मग त्यांनी माझ्या मनगटाला धरलं अन् हळूच म्हणाले, "आता बघ. आता हसतो."

पाचही दिवे लागले.