खाटेवरून खुर्चीत

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनतीन वर्षं झाली असतील. शहरात द्वारका चौकापाशी ट्रकवर कोबीच्या गोण्या रचताना हे वरून पडले. मानेचा मणका मोडला. हातपाय गेले, बोलणं तेवढं शाबूत राहिलं. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर मला म्हणाले, "सारखं पडून राहू देऊ नका. पाठीला जखमा झाल्या की माणूस हाती लागत नाही. रोज खुर्चीत बसवा."

कसं बसवायचं ते तिथल्या सिस्टरनं शिकवलं. खुर्ची खाटेला चिकटवायची, भिंतीला टेकवायची म्हणजे सरकत नाही. त्यांचे पाय जमिनीवर, आपले गुडघे त्यांच्या गुडघ्यांना टेकवून. कमरेत वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं. हाताला धरून ओढायचं तर मुळीच नाही. त्यांचे हात आपल्या गळ्यात घ्यायचे, त्यांच्या पाठीमागे आपले हात गुंफायचे, छातीला छाती लावून मागं झुकायचं आणि पावलांवर वळायचं. "सरळ मिठी मारायची, बाई. लाजता काय? नवराच आहे ना!"

तिचं काय जातंय बोलायला! आमच्या मळ्यातल्या घरात सासऱ्यांसमोर मी नवऱ्याशी बोलतही नव्हते. आता भर दिवसा, पुढच्या खोलीत, डोक्यावरचा पदर कमरेला खोचून मी त्यांना मिठी मारून उभी राहायची. सासूबाई भिंतीकडे तोंड करून लसूण सोलायच्या. मी खुर्ची सरकवली रे सरकवली की सासऱ्यांना झेंडूच्या वाफ्यातलं काहीतरी काम आठवायचं. बिचारे खाकरत बाहेर जायचे.

लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण उजेडात इतकं जवळ आम्ही कधी आलो नव्हतो. यांची हनुवटी माझ्या खांद्यावर असायची. कानात म्हणायचे, "लय घाम आलाय तुला." मी म्हणायची, "गप बसा, वळायचंय." त्यांचे हात गळ्यात राहत नसत, म्हणून मी मनगटं पंच्यानं बांधायची. रोज वाटायचं, आज एखादं बोट तरी माझ्या पाठीला लागेल. नाही लागलं. पण खुर्चीत बसून ते दारातून मळा बघायचे, गड्यांना ओरडायचे, आणि पाठ स्वच्छ राहिली होती. मला तेवढं पुरत होतं.

मी किडकिडीत, हे धिप्पाड. ऐंशी सालाच्या पुढंमागं एका सकाळी वळताना माझ्या कमरेत कळ आली आणि दोघंही खाली आलो. ते माझ्या अंगावर पडले, त्यांना लागलं नाही. मला मात्र डॉक्टरांनी पाण्याची बादलीसुद्धा उचलायला बंदी केली.

दीर म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका, आम्ही हाय ना." आठवडाभर दीर आणि गडी असे चौघं मिळून त्यांना चादरीत धरून उचलायचे. मग फुलांचा हंगाम आला, पहाटे बाजार गाठायचा असायचा. दोघंच घरात असले की म्हणायचे, चौघं जमू द्या. जमायचेच नाहीत. मी शेजारच्या मळ्यांत जाऊन हात जोडले. "येतो ना संध्याकाळी," म्हणाले. माकडहाडापाशी लाल चट्टा उठला, त्याची जखम झाली. मी ती धुवायची आणि दाराकडे बघायची. हे म्हणायचे, "कशाला लोकांच्या पाया पडती? राहू दे." मला त्यांचाही राग यायचा. शेवटी तापानं ते गेले.

त्या दिवशी अंगणात माणूस मावेना. शेजारचे मळेवाले, पाहुणे, भावकी, सगळे हजर. खाटेवरून उचलायला एकाच वेळी इतके हात पुढं आले की माझ्या डोक्यात आग गेली. मी सासऱ्यांसमोर ओरडले, "आता कशाला आलात? जिवंत व्हते तवा उचलायचं व्हतं!"

कुणाला राग आला नाही. दुःखात बाई काहीही बोलते, म्हणाले. बायकांनी मला मागं ओढलं आणि पुरुषांनी त्यांना उचलून नेलं.