वाटणीत डावललेला थोरला

आमच्या साडूंइतका परग्रहावरच्या जिवांचा कैवारी अख्ख्या लोहा तालुक्यात सापडायचा नाही. आणि तोही अशा जिवांचा, जे कुठल्याच ग्रहावर नाहीत. त्यांचं बी-बियाणांचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की कॉम्प्युटरवर अंतराळातला एक गेम चालू. पण खेळण्यात त्यांना गोडी नाही. हा गेम करताना कंपनीने काही प्राणी बनवले आणि बाजारात आणायच्या आधी काढून टाकले; साडूंचा जीव त्या काढलेल्यांत अडकला. त्यातला एक हत्तीएवढा, सहा पायांचा. जाहिरातीत तो ओझरता दिसला होता, गेममध्ये मात्र एका ग्रहाच्या चिखलात त्याची नुसती पावलं उरलीत. एवढ्या पुराव्यावर जगभरची हौशी मंडळी इंटरनेटवर तर्क लढवतात. साडू मोबाइलकडून इंग्रजी करून घेऊन त्यांच्यात घुसले आणि हा भावकीचा तंटा आहे, असं त्यांनी ठासून सांगितलं. हा प्राणी थोरला. धाकट्यांनी ग्रह वाटून घेतले आणि याला डावललं. मराठवाड्याच्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय! ब्राझीलच्या कुणीतरी भावकी म्हणजे काय ते विचारलं, तर यांनी त्याला आपल्या बांधाची सगळी हकीकत कळवली.

या कारभारात त्यांची एकुलती लेक भागीदार. बापाने तर्क करायचा, लेकीने चित्र काढायचं. थोरल्याला कान असावेत की नसावेत, यावरून बापलेकीत अबोला झालेला मी पाहिलाय. माझी मेहुणी करवादायची, त्या जनावरापायी हितं भाकरी गार होऊन राहिल्यात. पुढे लेकीला स्थळं यायला लागली आणि साडूंनी धसकाच घेतला. माझ्याजवळ त्यांनी कबूल केलं, "साडूभाऊ, पोरगी गेली तर ह्ये समदं मी कुणाला सांगू?" मग काय, प्रत्येक स्थळात खोट निघायला लागली. एकाचं नाक वाईट, दुसऱ्याचं गाव.

अशात निलंग्याचं स्थळ आलं. बैठकीला मीही होतो. पोहे झाले आणि मुलाला शेती, नोकरी विचारायचं सोडून साडूंनी भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं, थोरल्याचं सगळं पुराण लावलं आणि याला का काढला असंल, असं त्यालाच विचारलं. पाहुणे वैतागून उठून जावेत, हा डाव. मुलाचे मामा टोपी सावरून उठायच्या बेतात आलेही. मेहुणीने कपाळाला हात लावला. मुलगा मात्र चित्र बघत राहिला. मग म्हणाला, "ह्ये बसतंय कुठं?"

साडू म्हणाले, ते काय दाखवलं न्हाई.

"मग त्येच. चरायला रान केलं, घर करायचं राहिलं. बिनघराचं कसं ठेवावं, म्हणून काढलं असंल."

साडू उठून चित्रापाशी गेले. हे आजवर ब्राझीलवाल्यालाही सुचलं नव्हतं. दाराआडून लेक हसली, आणि ते हसू सगळ्यांनी ऐकलं. सोयरीक जमली. आपल्याच डावात असा चीत झालेला पैलवान मी दुसरा पाहिला नाही.

लग्नानंतर एकदा दुकानात गेलो. कॉम्प्युटर बंद होता, त्यावर धूळ बसली होती. साडूंनी चहा मागवला, बशीत ओतला आणि तसाच धरून बसले.

"जावयाचं बरोबर हाय," ते म्हणाले. "घर न्हवतं म्हणून थोरला गेला. पर साडूभाऊ, पोरीला तर घर व्हतं की."