उजव्या जवनिकेत भाड्याने

एखाद्याच्या हृदयात राहिल्याच्या गोष्टी पुष्कळ जण सांगतात, पण दरमहा भाडं भरून राहिलेला माणूस या भूतलावर मी एकटाच असेन. माझे वर्ध्याचे घरमालक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं. आयुष्यभर फळ्यावर हृदयाची आकृती काढूनही त्यांचं समाधान झालं नाही, म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी त्याच आकृतीवर घर बांधलं. पुढच्या दोन खोल्या म्हणजे कर्णिका, मागच्या दोन म्हणजे जवनिका. रस्त्यावरून येणारा प्रत्येक माणूस हे अशुद्ध रक्त. ते आधी उजव्या कर्णिकेत, म्हणजे बैठकीत यायचं. तिथून मागे उजव्या जवनिकेत, म्हणजे माझ्या खोलीत. त्यानंतर अंगण, ते फुप्फुस. तिथे पेरूच्या झाडाखाली एक मोठा श्वास घेणं सक्तीचं होतं. मग शुद्ध होऊन डाव्या कर्णिकेत, म्हणजे स्वयंपाकघरात, तिथून डाव्या जवनिकेत, म्हणजे सर आणि काकूंच्या झोपायच्या खोलीत, आणि तिथल्या दाराने बोळात बाहेर. सगळी दारं एकाच दिशेने उघडायची. उलट ढकललं तर हत्तीलाही हलली नसती, कारण सरांनी त्यांना हृदयाच्या झडपांसारख्या दोऱ्या बांधल्या होत्या. उजव्या आणि डाव्या बाजूंमधली भिंत मात्र सलग. मुंगीलाही तिथून वाट नव्हती.

डाव्या जवनिकेच्या भिंती तिप्पट जाड होत्या. बांधताना गवंड्याने विचारलं होतं, "सर, आत तोफ ठेवता का?"

"साऱ्या अंगाले रक्त इथूनच जाते बावा. भिंत पातळ ठेवून कसं जमन?"

परिणाम असा, की मे महिन्यात अख्खं वर्धा भाजून निघत असताना नवराबायको तिथे गोधडी पांघरून झोपायचे. मी मात्र रहदारीत. दूधवाला, पोस्टमन, गणपतीची वर्गणी मागणारे, सगळे माझ्या खाटेला वळसा घालून जायचे. एकदा एक वधूपिता मला बघायला आले. ते अंगणात श्वास घेऊन, स्वयंपाकघर ओलांडून जे बोळात पडले ते परत दिसलेच नाहीत. दाराची बिजागरी कुरकुरली की सर जेवता जेवता कान टवकारायचे. "झडपेतून मर्मर येऊन राह्यली," म्हणत उष्ट्या हाताने तेलाची बाटली शोधायचे.

पण खरा फेरा काकूंचा. बैठकीत पाहुणा आला की त्या चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून झोपायच्या खोलीत, तिथून बोळात, बोळातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून पुन्हा बैठकीत यायच्या. तोवर चहावर साय धरलेली असे. त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले, त्याला सरांकडे तेल नव्हतं.

"अहो, या भिंतीत एक खिडकी काढा ना," काकू म्हणायच्या. "कप तेवढा सरकवीन."

"शुद्ध-अशुद्ध एक होते त्यानं. लेकरू निळं पडते."

"आपल्या घरी लेकरू कुठी हाये निळं पडाले?"

यावर सर चष्मा पुसत बसायचे.

एका दुपारी बोळात काकूंचा पाय सटकला. कप फुटले, गुडघा नारळाएवढा सुजला. दुसऱ्या सकाळी त्या रोहण्याला भावाकडे निघाल्या. ऑटोत बसताना म्हणाल्या, "माह्या भावाच्या घराले एकच दार हाये. पण ते दोन्हीकून उघडते. खिडकी झाली तं मले न्यायले येजा. नाई झाली तं येऊ नका."

घर थांबलं. दारं वाजेनात. सर चहा करायला उठायचे आणि रस्त्यावर पोचेपर्यंत कशाला उठलो ते विसरायचे. मग एका सकाळी मी ठोकाठोकीने जागा झालो. बैठकीत सर छिन्नी-हातोडा घेऊन उभे, केस चुन्याने आणखी पांढरे, आणि भिंतीच्या भोकातून पलीकडे तिखटमिठाचे डबे दिसत होते.

"पोटातल्या लेकराच्या हृदयात इथीसाच खिडकी असते," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तवा श्वास घ्यायचं काम नसते ना. दोन्ही कर्णिकांच्या मधून रक्त सरळ जाते."

"हे तुम्हाला आधी माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. अभ्यासक्रमात नोतं."

दुपारच्या एसटीने ते रोहण्याला गेले आणि काकूंना घेऊन आले. काकूंनी खिडकीतून कपबशी सरकवून पाहिली. "बोटभर अजून पाह्यजे. बशी अडकते." सरांनी निमूट छिन्नी उचलली.

पुढे माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी, काकू गेल्याचं कळल्यावर मी भेटायला गेलो. सर वाकले होते. "बस," म्हणून ते माझ्या जुन्या खोलीतून मागे गेले. थोड्या वेळाने खिडकीत दोन कप दिसले. ते ठेवून सर नाहीसे झाले, आणि बोळातून, रस्त्यावरून, धापा टाकत पुढच्या दाराने आत आले. मग इकडून हात घालून त्यांनी कप घेतले.

"सर, ही खिडकी जन्मानंतर बंद होते ना?"

"होते. पहिला श्वास घेतला की मिटाले लागते." त्यांनी माझ्या हातात कप दिला. "काही लोकाइची नाई मिटत. जनमभर उघडी राह्यते."

"मग?"

"काही नाई. त्याइले पत्ताही लागत नाई बहुतेक. जगतेत."

चहावर साय धरली होती. मी ती बोटाने बाजूला केली आणि पूर्वीसारखाच चहा प्यायलो.