वळणावर न दिसलेली गाडी

देव ऐकतो का, हा प्रश्न पन्नाशीपर्यंत मला कधी पडला नव्हता. घरात देवाचं सगळं बायको बघायची. ती दत्तगुरूंची भक्त, मी तिच्या मागे उभा राहून हात जोडणारा. तिच्या आजारपणात मात्र मी पहिल्यांदा स्वतःहून मागितलं, अगदी पदर पसरून म्हणतात तसं. ती गेली. तेराव्यानंतर मी दत्ताची तसबीर वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. रागाने नव्हे. पलीकडे कोणी नसलेल्या फोनवर माणूस किती वेळ बोलणार, असं काहीसं मनात होतं.

भोसरीच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली होती. स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, मुलगी लग्न होऊन बंगळूरला. घरात दुपारी नळ गळायचा तेवढाच आवाज. ओळखीच्या एकाने सांगितलं, मुळशीत माले गावाच्या वरच्या पठारावर एका मालकाला बाग आणि गाडी सांभाळायला माणूस हवाय. आठवड्याच्या आत मी वर राहायला गेलो. दोन हजार सहा साल असेल ते.

गाडी म्हणजे मालकाने परदेशातून मागवलेली, दोघांना बसता येईल अशी ठेंगणी चारचाकी. चाकं ट्रॅक्टरसारखी जाड, मागे छोटा हौदा. जिथे जीप चढत नाही तिथे ती चढायची. तिच्यातून मी खालून खत, रोपं, सिलिंडर, पंपाचं डिझेल वर आणायचो. मालक वर्षातून दोनदा यायचे. एरवी दिवसचे दिवस मी कोणाशी बोलत नसे, गाडीशीच काय ते बोलायचो. पठारावरची लाल धूळ एअर फिल्टर भरून टाकायची, तो दर आठवड्याला धुवायचा. पावसाळ्यात ब्रेकमध्ये चिखल. बेल्ट घसरायला लागला की जळकट वास येतो, तो मला लांबूनही ओळखू यायचा. तिचा एकही सुटा भाग पुण्यात मिळत नव्हता. मालकाला कळवायचं आणि कोणीतरी परदेशातून येईपर्यंत थांबायचं.

तिसऱ्या वर्षी पुढच्या डाव्या चाकाचा बूट फाटला. चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यावर रबरी टोपण असतं, त्याला आम्ही बूट म्हणतो. तो फाटला की ग्रीस बाहेर येतं आणि चिखल आत जातो. नवीन यायला दोन महिने लागणार होते. तोवर मी सायकलची ट्यूब कापून, तारेने आवळून काम चालवत होतो.

गणपती उठून आठवडा झाला असेल. रोजच्यासारखा सकाळी आठच्या सुमारास मी खाली निघालो होतो. ओढ्याच्या अलीकडच्या उतारावर, वळण यायच्या आधीच, चाकाकडून टकटक ऐकू यायला लागली. ट्यूब सुटली होती. गाडी बाजूला घेतली, जॅक लावला, चाक काढलं आणि डावा पाय आत पसरून कामाला बसलो. कारखान्यात मी नव्या पोरांना पहिला धडा हाच द्यायचो, की नुसत्या जॅकच्या भरवशावर यंत्राखाली जायचं नाही, आधी ठोकळा लावायचा. त्या दिवशी दगड शोधायला उठावंसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मनात आलं, मला काही झालं तर कोणाचं अडणार आहे? हे आजवर मुलीलाही सांगितलेलं नाही.

जमीन ओली होती. जॅक रुतला, कलला, आणि चाक ज्यावर बसतं तो लोखंडी गाभा माझ्या नडगीवर येऊन बसला.

दुखण्याचं वर्णन करत नाही. शुद्ध होती. जॅक गाडीखाली आडवा पडलेला, पहार हौद्यात, आणि माझा हात दोन्हींपर्यंत पोचत नव्हता. मोबाइल खोलीवरच, तसाही तिथे रेंज नव्हती. आधी मी बराच वेळ ओरडलो. माणसांना हाका मारल्या, पण माणसं होती कुठे? ओढ्यापलीकडच्या टेकाडावर धनगरांची चार घरं आहेत एवढं ठाऊक होतं. तिथलं एकही नाव मला माहीत नव्हतं. दोन वर्षांत विचारलंच नव्हतं. मधे ओढा भरून वाहत होता, त्याच्या आवाजात माझी हाक दहा पावलांवर विरत असणार.

भुरभुर पाऊस येऊन गेला. घसा बसला. पायाला मुंग्या येऊन तो हळूहळू बधिर व्हायला लागला, तेव्हा मात्र भीती वाटली. आणि त्या भीतीचंच मला नवल वाटलं. कोणाचं अडणार नाही म्हणणारा मी, मला जगायचं होतं. मग इतक्या वर्षांत न घेतलेलं नाव तोंडातून बाहेर पडलं. "दत्ता," मी म्हटलं, "मी इथे आहे." सोडव असंही म्हटलं नाही. मागायची हिंमत नव्हती. पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत राहिलो, आवाज गेला तरी ओठांनी म्हणत राहिलो.

ऊन माथ्यावर आलं होतं. ओढ्याच्या बाजूने काठी टेकत एक म्हातारी आली. अंगावर घोंगडी, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. तिने मला पाहिलं, गाडी पाहिली. मी घोगऱ्या आवाजात सांगायला लागलो, मागे पहार आहे, ती घ्या. ती माझ्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. मग हात कानाला लावून हलवला. तिला ऐकू येत नव्हतं.

मी हौद्याकडे बोट केलं. पुढचं काही सांगावं लागलं नाही. शेतातले धोंडे उलथायची सवय असणार. तिने पहार काढली, एक बसका दगड लोटत आणला, त्यावर पहार टेकवून टोक गाडीखाली सारलं आणि अंगाचा सगळा भार टाकला. गाभा चार बोटं उचलला गेला. मी कोपरांवर सरकत पाय ओढून घेतला. ती पहारीवर तशीच लोंबकळत होती. मी बाहेर आल्याची खात्री झाल्यावर मगच तिने भार सोडला आणि माझ्याशेजारी धाप टाकत बसली.

"गाडी दिसली न्हाई आज," ती म्हणाली. ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा मोठा, सपाट आवाज. "रोज वळनावर दिसती. म्हनलं, बघावं."

तिने माझं डोकं मांडीवर घेतलं, स्वतःच्या तांब्यातलं ताक पाजलं. मग घोंगडी माझ्या अंगावर टाकून वस्तीवर गेली आणि माणसं घेऊन आली. त्यांनी मला झोळीत घालून रस्त्यापर्यंत उतरवलं, तिथून जीपने पौडच्या दवाखान्यात. जीपमध्ये तिचा मुलगा शेजारी बसला होता. तिचं नाव ठकूबाई, हे मला त्याच्याकडून कळलं.

"धा वर्सं झाली आयला ऐकू येत न्हाई," तो म्हणाला. "म्हशी सोडल्या की वड्याकाठी बसती. तुमी वळनावर आला की हात वर करती. तुमी कंदी बघितलं न्हाई व्हय?"

 दोन वर्षं रोज सकाळी एक बाई मला हात करत होती, आणि माझं लक्ष बेल्टच्या वासाकडे होतं.

नडगीची दोन्ही हाडं मोडली होती. तीन महिने मुलीकडे बंगळूरला होतो. तिथे पडल्यापडल्या हाच विचार यायचा की मी ओरडलो ते कोणाच्याही कानावर गेलं नाही, आणि जी आली तिला ऐकूच येत नव्हतं. मग मी तासभर म्हणत होतो ते कोणी ऐकलं? मी यंत्रांतला माणूस, कारण सापडेपर्यंत मला झोप येत नाही. लोक म्हणतील, गाडी दिसली नाही म्हणून ती आली, यात चमत्कार कसला. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. बंगळूरहून परतल्यावर ट्रंक उघडली, तसबीर पुसली आणि तिच्यासमोर दिवा लावला. मुलगी नको म्हणत असतानाही पुन्हा पठारावर आलो.

ठकूबाईंसाठी साडी नेली. ती त्यांनी सुनेला देऊन टाकली. मग पुण्याला नेऊन कानाचं यंत्र बसवलं. दोन दिवस त्यांनी ते घातलं आणि तिसऱ्या दिवशी पदराच्या गाठीतून काढून माझ्या हातावर ठेवलं. "लई गलका हाय," म्हणाल्या. मी हसलो. बऱ्याच वर्षांनी हसलो असेन.

आता मी वळणावर गाडी थांबवतो. पाय थोडा ओढत त्यांच्यापर्यंत जातो, शेजारच्या दगडावर बसतो आणि बोलतो. बायकोबद्दल, मुलीबद्दल, आलेल्या-न आलेल्या पार्टबद्दल. ठकूबाई म्हशींकडे बघत असतात, मधेच माझ्याकडे बघून मान हलवतात. त्यांना एक शब्द ऐकू जात नाही, हे मला माहीत आहे. तरी रोज मी सगळं सांगून मोकळा होतो आणि हलका होऊन उठतो. दत्तासमोर बसतो तेव्हाही आता ऐकलं का, असं विचारत नाही. सांगायचं तेवढं सांगतो, आणि कामाला लागतो.