पिवळा, जांभळा, तपकिरी

"पिवळा, जांभळा, तपकिरी." आण्णा रेझिस्टर उजेडाकडे धरायचे, एक डोळा मिटायचे आणि त्यावरचे पट्टे असे मोठ्याने वाचायचे. वाचल्याशिवाय एकही रेझिस्टर त्यांनी कधी जोडला नाही.

कडेगावात स्टँडच्या रस्त्याला माझं मॅचिंग सेंटर आणि शेजारी त्यांची वायरिंगची टपरी. गळीत हंगाम आला की ते दुसरं काम घेत नसत. फक्त उसाच्या ट्रॉल्यांना मागं लाल एलईडी लावायचे. त्यांचा थोरला मुलगा तिन्हीसांजेला बिनदिव्याच्या ट्रॉलीवर मोटरसायकल आदळून गेला होता. 

एकदा मी म्हणाले, "आवं आण्णा, थेट बॅटरीलाच जोडा की. मधी ही दाण्याएवढी वस्तू कशाला?"

"एलईडीला आपलं पोट कळत न्हाई, ताई. मिळंल तेवढा करंट पितंय आन जळतंय. ह्यो मधी बसला की बेतानं जातोय." मग बोट वर करून, "आन बारा व्होल्टाचा हिशेब धरायचा न्हाई. इंजिन चालू झालं की चौदा व्हत्यात."

माझ्या दुकानात आले की बायकांची फिरकी घ्यायचे. "धा लाल दाखवलं ह्या ताईनं. समदं येकच की गं." बायका हसायच्या. असा एखादा म्हातारा तुमच्याही गल्लीत असेल.

एका वर्षी हंगामात घरच्या मालकिणीसाठी कॉफी रंगाचं अस्तर घ्यायला आले आणि काळ्या कापडावर बोट ठेवलं. "ह्येच." मी गुपचूप कॉफी रंगाचं बांधून दिलं. म्हटलं, वयस्कर माणसाला कशाला वाईट वाटायला लावा. जन्मभर रंग विकतेय मी, मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्याच आठवड्यात त्यांचे दिवे नेहमीपेक्षा लख्ख दिसायला लागले. ड्रायव्हर खूश. मीही कौतुक केलं. त्यांना मात्र ते नेहमीएवढेच वाटत होते.

चार दिवसांनी एक ट्रॉली परत आली. तिचे दिवे मेले होते. आण्णांनी आतला रेझिस्टर काढून माझ्या हातावर ठेवला. "तिसरा पट्टा कंचा, ताई?"

"काळा."

ते टपरीच्या पायरीवर बसले. तपकिरीच्या जागी काळा म्हणजे करंट अडवायची ताकद दहा पटींनी कमी. नवं पाकीट फोडल्यापासून त्यांनी नऊ ट्रॉल्यांना दिवे लावले होते. "मागचा दिवा ड्रायव्हरला दिसत न्हाई," एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवसापासून ते ट्रॉल्या अडवायला वळणावर हात वर करून उभे राहायला लागले. मी पट्टे वाचायची, ते बोटांनी चाचपून नवा रेझिस्टर बसवायचे आणि सोल्डरचा डाग द्यायचे. परत आलेली धरून आठ ट्रॉल्या सापडल्या. नववी निळी, आटपाडीकडच्या माणसाची. ती पुन्हा या रस्त्याला आलीच नाही.

मग रोज सकाळी पेपर घेऊन माझ्याकडे यायचे. "अपघाताचं वाच. निळी ट्रॉली न्हाई न्हवं?"

"न्हाई, आण्णा."

"नीट बघ."

अस्तराची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. रोज ओठांवर यायची आणि मी पेपरची घडी घालायची. उन्हाळ्यात ते गेले. आदल्या दिवशीही त्यांनी मला तेच विचारलं होतं आणि मी तेच उत्तर दिलं होतं.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी दुकानासमोरून एक निळी ट्रॉली गेली. मी गिऱ्हाईक टाकून धावले, ड्रायव्हरला थांबवलं. मागं जाऊन पाहिलं, तर आण्णांचा दिवा नव्हता. कुणाचाच नव्हता.

"काय झालं, ताई?" ड्रायव्हर म्हणाला.

मी "थांब जरा" म्हणून दुकानात परत आले, ताग्यातलं मीटरभर लाल कापड फाडलं आणि मागच्या उसाच्या मोळीला घट्ट बांधलं. अंधार पडल्यावर त्याचा काही उपयोग नाही, हे मला माहीत होतं. तरी आणखी एक गाठ मारली.